मदत हवी आहे: ३०० अंशांवर वितळणाऱ्या क्षाराचा द्रवणांक कोणता धरू?

नमस्कार. लेबल गळून पडलेल्या बाटलीत पांढरे स्फटिक आहेत. नोंदवहीप्रमाणे सोडियम नायट्रेट किंवा पोटॅशियम नायट्रेट, दोहोंपैकी एक. ज्योत पिवळी येते, पण सोडियमचा नुसता अंश असला तरी ती पिवळीच दिसणार. म्हणून द्रवणांक काढायचं ठरवलं: पहिल्याचा ३०८° से.च्या आसपास, दुसऱ्याचा ३३४°.

पॅराफिन तेल दोनशेच्या पुढे धुरायला लागतं, त्यामुळे कॅपिलरीची (स्फटिक भरलेली केसासारखी बारीक काचनळी तेलात तापवायची) नेहमीची पद्धत बाद. वाळवलेले १० ग्रॅम स्फटिक जाड काचेच्या परीक्षानळीत घेतले, वाळूत ठेवून विजेच्या शेगडीवर तापवले, आत काचेच्या म्यानात के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक). तापवताना २९५ ला कडा ओलसर झाल्या आणि शेवटचा खडा वितळायला ३२१ उजाडलं. थंड होताना आकडा २९६ पर्यंत घसरला, एकदम ३०२ वर चढला आणि चार मिनिटं तिथेच थांबला. दुसऱ्या खेपेला ३०३. शिवाय २७५ च्या सुमारास तापमान उतरायचा वेग दोन्ही वेळा मंदावला. थर्मोकपल सैल झालंय का? आणि या सगळ्यात द्रवणांक कोणता लिहू?

प्रतिसाद १
थांबलेला आकडा धरा, म्हणजे ३०२-३०३. २९६ हे अतिशीतन आहे: द्रव गोठणबिंदूच्या खाली जातो आणि स्फटिक बनू लागले की सुटलेल्या उष्णतेने परत वर येतो. तापवतानाचे आकडे सोडून द्या, एवढ्या ढिगात बाहेरचा थर आधी वितळतो आणि मधला मागे राहतो.

२७५ ची नोंद मात्र अजिबात खोडू नका! सोडियम नायट्रेटची स्फटिकरचना घन अवस्थेतच २७६° च्या आसपास बदलते. पोटॅशियम नायट्रेटमध्ये असा बदल १३० च्या जवळ होतो, तेव्हा तिथेही आलेख नीट पाहा. मग वेगळ्या नळ्यांमध्ये शुद्ध कथील (२३१.९°) आणि शिसं (३२७.५°) गोठवून थर्मोकपलची चूक काढा. हे काम धूरकपाटात करा. आणि तेलात कॅपिलरी घातली नाहीत हे फार बरं झालं. नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे, तापलेल्या तेलात नळी फुटली तर आग लागू शकते. कागद, कोळसा, लाकूडही जवळ नको.

धागाकर्ता
केलं. कथील २२८ ला थांबलं, शिसं ३२२.५ ला. म्हणजे ३०० च्या आसपास आमचं थर्मोकपल पावणेपाच अंश कमी दाखवतं. दुरुस्ती धरून ३०७ येतात. १३० पाशी आलेख सरळ आहे, तिथे काहीच थांबत नाही. सोडियम नायट्रेटचं लेबल लावलं. २७५ चा तो बाक मी चूक समजून खोडणारच होतो, मनापासून आभार.