झॅक ब्राऊन बँड प्रत्यक्ष ऐकलाय? अनुभव लिहा

कंट्री संगीत म्हटलं की आपल्याकडे हमखास विचारतात, "ते गुराख्यांचं ना?" म्हणून हा धागा. अटलांटाच्या या बँडला २०१० साली नवोदितांचं ग्रॅमी मिळालं, पण खरी मजा मैदानात. अमेरिकेतल्या मंडळींनी लिहा. गाण्यांच्या याद्या नकोत, काय घडलं ते सांगा.

•

मी लहानपणी व्हायोलिन शिकले, मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून. या बँडचा जिमी डी मार्टिनी तेच वाद्य उभ्याने, स्टेजभर फिरत वाजवतो. त्यांनी "द डेव्हिल वेंट डाउन टू जॉर्जिया" हे चार्ली डॅनियल्स बँडचं १९७९चं गाणं वाजवलं. सैतान आणि एक पोरगा फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच, पैज लावतात, पणाला पोराचा आत्मा. सैतानाचा तुकडा संपून पोराचा सुरू झाला, तेव्हा लय एवढी चढलेली होती की मी नकळत मांडीवर मात्रा मोजत होते. मींड नाही, गमक नाही, सगळी करामत गजाची. गुरुजींनी नाक मुरडलं असतं आणि पाय मात्र हलवला असता.

•

बाबा साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त. त्यांना बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानावर कार्यक्रमाला नेलं. "चिकन फ्राइड" ऐकताना पहिल्या कडव्यात खाणंपिणं, पुढे एकदम देशासाठी प्राण दिलेले जवान. मी अर्थ सांगितला तर म्हणाले, "कोंबडीच्या गाण्यात शहीद कुठून आले?" तेवढ्यात स्टेजवर एका सैनिकाला आणलं. सगळं मैदान उठलं, बाबा त्यांच्याही आधी. मला अजून ते कडवं जोडल्यासारखंच वाटतं, पण घरी हे बोलायची सोय उरलेली नाही.

•

माझा उलटा अनुभव. अगदी वरच्या रांगेत, वारा सुटलेला, शब्द निम्मे विरून गेले. मैदानाचं नाव घेत नाही. तिकीट काढाल तर खालचं काढा.

•

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष बँडमधल्या जॉन ड्रिस्केल हॉपकिन्सच्या हातांवर. त्याने मे २०२२मध्ये एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा मज्जातंतूंचा आजार) झाल्याचं जाहीर केलं. तोल जातो, बोटं आखडतात, हेही स्वतःच सांगितलं. असे रुग्ण मी रोज बघते. म्हणून त्याला त्यानंतरही बँडसोबत गाताना पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवायचं राहूनच गेलं. संशोधनासाठी त्याने "हॉप ऑन अ क्युअर" ही संस्था काढलीय, जरूर बघा.

•

कार्यक्रमाआधी हा बँड चाहत्यांना दक्षिणेकडचं जेवण वाढायचा, "ईट अँड ग्रीट" म्हणून. कुणी गेलं होतं का? शाकाहारी माणसाच्या ताटात काय पडलं, तेवढं लिहा.