टीकिंटर: फुली दाबल्यावर खिडकी जाते, पण प्रोग्राम मागे चालूच राहतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावाकडे आमचं दूध संकलन केंद्र आहे. वडिलांसाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. टीकिंटरची (पायथनमध्ये खिडक्या बनवायची लायब्ररी) खिडकी, एसक्यूलाइटचा डेटाबेस, आणि वजनकाटा सिरियल पोर्टला जोडलेला. सभासद नंबर टाकला की काट्यावरचा आकडा आपोआप येतो, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घनपदार्थ) हाताने भरायचं, पावती निघते.

वडिलांना काम झालं की कोपऱ्यातली फुली दाबायची सवय. त्यात एखादी नोंद गेली की दहा दिवसांच्या बिलाला भांडण ठरलेलं. म्हणून फुली दाबल्यावर विचारणारी चौकट टाकली. (मोबाईलवरून लिहितोय, कोड मराठी अक्षरांत आहे, चालवून घ्या.)

रूट.प्रोटोकॉल("डब्ल्यूएम_डिलीट_विंडो", बंद_करताना())

यात प्रोग्राम उघडताक्षणीच चौकट यायची. शेवटचे कंस काढून नुसतं फंक्शनचं नाव दिलं, ते सुटलं. आता खरी अडचण. 'हो' म्हटलं की रूट.डिस्ट्रॉय होतं, खिडकी जाते, पण टास्क मॅनेजरमध्ये पायथन तसाच बसलेला. संध्याकाळी वडील परत उघडतात तेव्हा कॉम ३ ला, म्हणजे काट्याच्या पोर्टला, 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. मी पुण्यात, तिकडे किटल्या घेऊन माणसं ओळीत उभी, आणि मला फोन.

काटा वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्येच बाजूला समांतर चालणारं काम) आहे. त्याला थांबायची खूण म्हणून इव्हेंट दिला, सिरियलचा टाइमआउट १ सेकंद ठेवला, डिस्ट्रॉयच्या आधी जॉइन केलं, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत वाट बघायची. तर खिडकीच गोठली, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. काय चुकतंय?

प्रतिसाद:
पहिली गोष्ट सरळ आहे. डिस्ट्रॉयने मेनलूप (खिडकी चालवणारं चक्र) संपतो, पण साधा थ्रेड जिवंत असेपर्यंत पायथन बाहेर पडत नाही, आणि तोवर पोर्टही त्याच्याच ताब्यात. गोठण्याबद्दल एक विचारतो, थ्रेडमधून थेट लेबल बदलता का?

धागाकर्ता:
हो. काट्याचा आकडा आला की तिथूनच लेबल.कॉन्फिग.

प्रतिसाद:
मग गाठ तिथेच आहे. दुसऱ्या थ्रेडने लेबलला हात लावला की टीकिंटर ते काम मुख्य थ्रेडकडे पाठवतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. मुख्य थ्रेड तुमच्या जॉइनमध्ये अडकलेला. दोघं एकमेकांची वाट बघतायत, संपलं.
थ्रेडने आकडा फक्त क्यूमध्ये (रांगेत) टाकायचा. मुख्य बाजूने रूट.आफ्टर(१००, क्यू_बघ) असं दर १०० मिलिसेकंदांनी उचलून लेबलवर लिहायचा. बंद करतानाही जॉइन नको. इव्हेंट सेट करा, मग आफ्टरनेच थ्रेड जिवंत आहे का ते तपासत राहा, तो संपला की डिस्ट्रॉय. पोर्ट थ्रेडनेच शेवटी क्लोज करावा. डेमन=ट्रू केलंत (थ्रेडसाठी थांबू नको, असं पायथनला सांगणं) तर पायथन सुटेल, पण थ्रेड कुठल्याही ओळीवर तुटेल. मला ते आवडत नाही.

दुसरा प्रतिसाद:
चौकट आस्कयेसनोकॅन्सलची आहे का? 'हो'ला ट्रू, 'नाही'ला फॉल्स आणि 'रद्द'ला नन (काहीच नाही) येतं. 'इफ नॉट उत्तर' लिहिलंत तर 'नाही' आणि 'रद्द' एकच होतात. आधी 'उत्तर इज नन' तपासून परत फिरा.
आणि कमिट (नोंद डेटाबेसमध्ये पक्की करणं) कुठे करता? फुलीच्या फंक्शनमध्ये असेल तर आजच हलवा. लाइट गेली तर ते फंक्शन चालणारच नाही, आणि कमिट न झालेल्या नोंदी एसक्यूलाइट परत फिरवतं. पावती निघायच्या आधी कमिट, प्रत्येक नोंदीला. फुलीवर फक्त अर्धवट भरलेल्या रकान्यांबद्दल विचारा.

धागाकर्ता:
कमिट फुलीवरच होतं, लाज वाटते सांगायला. हलवलं. क्यूही लावली, पोर्ट सुटतो, सहा वेळा उघड-बंद करून पाहिलं. आता बंद होताना कन्सोलवर एक ओळ येते: 'इनव्हॅलिड कमांड नेम', पुढे क्यू_बघ. सोडून देऊ?

प्रतिसाद:
नुकसान नाही, पण काढून टाका. पुढचा आफ्टर लागलेला असतो आणि खिडकी आधीच गेलेली. आफ्टर जो आयडी परत देतं तो जपून ठेवा, डिस्ट्रॉयच्या आधी आफ्टर_कॅन्सलला द्या.