अनुभव धागा: मोटरहोमने स्कॉटलंडचा पश्चिम किनारा आणि हेब्रिडीज बेटं

येत्या जूनमध्ये आम्ही मोटरहोम (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आणि आउटर हेब्रिडीजला जायचं ठरवतोय. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि पुण्याहून येणाऱ्या सासूबाई. कच्चा आराखडा असा: ग्लासगोहून ओबान, तिथून बोटीने बॅरा, मग एकेक बेट करत उत्तरेकडे एरिस्के, साउथ आणि नॉर्थ युइस्ट, हॅरिस, लुइस. स्टॉर्नोवेहून बोटीने अलापूल, पुढे अॅपलक्रॉस, स्काय आणि परत. हाताशी दोन आठवडे आहेत.

प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या भरपूर मिळाल्या. मला हवंय ते वेगळं. बोटी, रस्ते, गाडीतलं राहणं, वयस्कर माणसांची सोय, हे सगळं प्रत्यक्षात कसं जमवलंत ते लिहा. आराखड्यातलं काही पटत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

एडिनबराहून:

आम्ही त्या बाजूला बरेचदा जातो, म्हणून ठामपणे सांगते. आधी बोटी, मग बाकी सगळं. बेटांवरच्या बहुतेक बोटी कॅलेडोनियन मॅकब्रेनच्या (इथे सगळे 'कॅलमॅक'च म्हणतात). उन्हाळ्याचं वेळापत्रक आरक्षणासाठी खुलं झालं की मोटरहोमच्या जागा भराभर जातात, कारण मोठ्या गाड्यांना डेकवर मुळात जागा थोडी. माणसांना तिकीट मिळतं, गाडीला मिळत नाही अशी वेळ येते.

तुमच्या वाटेवरच्या बोटी: ओबान ते कॅसलबे (बॅराचं बंदर) पावणेपाच तासांच्या आसपास, बॅरा ते एरिस्के ४० मिनिटं, बर्नरे (नॉर्थ युइस्टला जोडलेलं छोटं बेट) ते हॅरिसचं लेव्हरबर्ग तासभर, स्टॉर्नोवे ते अलापूल अडीच-पावणेतीन तास. एरिस्के ते बर्नरे मात्र बोट लागत नाही, बेटं भराव घालून केलेल्या कॉजवेंनी जोडली आहेत. एरिस्केचा कॉजवे २००१ सालचा. नॉर्थ युइस्टकडच्या कॉजवेंवर 'ऑटर (पाणमांजरं) रस्ता ओलांडतात, जपून' अशा पाट्या आहेत, मुलाला आधीच सांगून ठेवा.

भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं. मागे सायकलचा रॅक असेल तर तोही लांबीत धरतात, म्हणून कागदावरची नाही तर खरी लांबी-उंची भाड्याने देणाऱ्यांकडून लेखी घ्या. बोटीवर चढण्याआधी गॅसचा सिलिंडर मुख्य कॉकलाच बंद करायचा. बोट चालू असताना गाडीत बसून राहता येत नाही, त्यामुळे औषधं, स्वेटर, खाणं एका पिशवीत घेऊनच वर जायचं.

आणि वारा. जूनमध्येसुद्धा वाऱ्यामुळे बोट रद्द होते. लेव्हरबर्गची छोटी बोट खडकांमधून नागमोडी वळणं घेत जाते, तिथे हवामानाशी अजिबात तडजोड नसते. लागोपाठच्या दोन दिवशी दोन बोटी ठेवू नका. मध्ये एक पूर्ण मोकळा दिवस हवाच. परतीचं विमान असेल तर त्याआधी दोन.

लीड्सहून:

बोटींबद्दल वर आलंच आहे, मी रस्त्यांबद्दल लिहितो.

बेटांवर आणि वायव्य किनाऱ्यावर बराचसा रस्ता एकेरी आहे, म्हणजे एकच गाडी मावेल इतका अरुंद, आणि वाहतूक मात्र दोन्ही बाजूंनी. थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस, म्हणजे वाट देण्यासाठी रुंद केलेल्या जागा असतात. ती डावीकडे असेल तर आत घ्यायचं. उजवीकडे असेल तर तिकडे वळायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला तिच्यातून जाऊ द्यायचं. मागे कुणी आलं की त्यालाही वाट द्यायची. हे फार महत्त्वाचं आहे. मागची गाडी शाळेच्या शिक्षिकेची असते, नर्सची असते, बोट गाठायला निघालेल्या माणसाची असते. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी गाडी लावणारे बघितले की मला खरंच संताप येतो.

सवय एका दिवसात होते. समोरचा थांबला की स्टिअरिंगवरची चार बोटं उचलून आभार मानायचे, तोही उचलतो. नॉर्थ युइस्टला एका वळणावर मेंढ्यांचा ट्रेलर घेऊन एक शेतकरी आला. मी मागे घ्यायला लागलो तर त्याने हातानेच थांब म्हणून खूण केली, आरशाकडे एक नजर टाकली आणि ट्रेलरसकट शंभरेक फूट सरळ रेषेत मागे गेला. नंतर जाताना काच खाली करून 'सावकाश या' एवढंच म्हणाला.

नकाशावरच्या वेळा धरू नका. ताशी २५-३० मैलांपेक्षा जास्त सरासरी पडत नाही आणि पडावी असं वाटतही नाही.

आता अॅपलक्रॉस. तिथे जाणारा ब्यालाख-ना-बा घाट ६२६ मीटरवर चढतो, पाचास एक असा चढ आणि हेअरपिन वळणं. पायथ्याशीच मोठा फलक आहे: नवशिके चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं घर) यांनी जाऊ नये. मोटरहोम घेऊन त्या घाटात जाऊच नका, तुम्हाला जमलं तरी समोरून येणाऱ्यांची कोंडी होते. शील्डेगकडून किनाऱ्याने रस्ता आहे, लांबचा आहे पण अप्रतिम आहे. उत्तरेला लॉखइन्व्हरजवळचा ड्रमबेगचा बी८६९ रस्ताही असाच, टाळा.

२०१५ साली 'नॉर्थ कोस्ट ५००' हे नाव देऊन ५१६ मैलांचा फेरा प्रसिद्ध झाला, तेव्हापासून गर्दी खूप वाढली आहे. स्थानिक लोक वैतागलेत ते उगाच नाही.

नाशिकहून:

माझं वय अडुसष्ट. मुलगी-जावयाबरोबर गेले होते, तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

पहिलं म्हणजे पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा किंवा शिडीचा पलंग नातवंडांना द्या. आम्हाला खालचा, कायमचा, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा हवा. रात्री तीनदा उठावं लागतं, दर वेळी टेबल मोडून केलेल्या पलंगावरून कुणाला तरी ओलांडायचं म्हणजे सगळ्यांचीच झोपमोड. दाराच्या पायरीला हातकठडा आहे का तेही बघून घ्या.

संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढता येणारी टाकी असते. ती रोज ठरलेल्या जागीच रिकामी करायची, हे काम जावयांनी आनंदाने केलं. मला सुरुवातीला फार संकोच वाटला, पण घरात सगळ्यांनी मोकळेपणाने बोलून कामं वाटून घेतली की संकोच राहत नाही. अंघोळीला पाणी बेताचं. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. पाणी कपातीचे दिवस पाहिलेल्या आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

स्वयंपाक झकास होतो. तीन लिटरचा कुकर आणि एक जड तवा पुरला. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, कोरड्या चटण्या इथून न्या. तूप, पेढे, दुधाचं काहीही नेऊ नका, तिकडे बंदी आहे. लोणी तिथे छान मिळतं, तूप घरीच कढवलं. एकच सांगते, तळण करू नका. इतक्याशा जागेत वास तीन दिवस जात नाही. हॅरिसला लस्केंटायरच्या वाळूसमोर दार उघडं टाकून गरम थालीपीठ खाल्लं, रात्रीचे साडेनऊ वाजलेले आणि लख्ख उजेड. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी मात्र ठेवा, जूनमध्ये अंधार जेमतेम पडतो.

अॅबर्डीनहून:

मिज कुणी लिहिलं नाही म्हणून. चिलटाएवढे चावरे किडे, झुंडीने येतात. वारा पडला, ढगाळ असलं, सकाळ-संध्याकाळ असली की हमखास. वारा सुटला की गायब. म्हणून मुक्काम शक्यतो उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात करा, झाडीत किंवा तळ्याकाठी नको. डोक्यावर घालायची जाळी प्रत्येकी एक. जूनचा पहिला पंधरवडा गाठता आला तर उत्तम. मिजही कमी आणि स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर सुटतात, त्यामुळे गर्दीही कमी.

ठाण्याहून:

आम्ही भारतातून जाऊन गाडी घेतली होती. भारतीय परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, मोटरहोम ३,५०० किलोपर्यंतचं हवं. सामान आणि पाणी धरून वजन त्यात बसतंय ना हे विचारा. मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये हे सोपं.

गाडी ताब्यात घेताना छतासकट चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. परत करताना आमच्याकडे छताच्या कडेवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ दाखवल्यावर विषय संपला. अनामत रकमेची अटही आधी नीट वाचा, ती मोठी असते.

कॅम्पसाइटवर विजेचा हुक-अप (गाडीला बाहेरून वीज घ्यायची जोडणी) अनेकदा १० अँपियरचाच. किटली आणि हीटर एकदम लावले की ट्रिप होतं.

ग्लासगोहून, मूळ देवगड:

धागाकर्त्या ताई, तुमच्या आराखड्यातून स्काय काढा असं मी म्हणेन. १९९५ पासून मुख्य भूमीवरून त्या बेटावर पूल आहे, कधीही जाता येईल. बेटांना मिळालेला वेळ त्यासाठी कापू नका.

मला मुक्कामाबद्दल लिहायचंय. 'स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं' हे अर्धवट आहे. २००३ च्या कायद्याने दिलेला हक्क पायी, सायकलने, तंबू घेऊन जाणाऱ्यांचा आहे, मोटर गाड्यांचा नाही. बेटांवर गावसंस्थांनी जागोजाग मोटरहोमसाठी जागा केल्यात, पाणी, कॅसेट रिकामी करायची सोय आणि पैसे टाकायला पेटी. तिथेच राहा आणि पेटीत पूर्ण पैसे टाका. युइस्टच्या पश्चिमेला शिंपल्यांच्या वाळूवरची गवताळ जमीन आहे, मॅखर (machair) म्हणतात तिला. जून-जुलैत ती फुलांनी भरते, कॉर्नक्रेक पक्षी तिथे घरटी करतात, गावकऱ्यांची गुरं चरतात. एका जड गाडीच्या चाकाने ती फाटते आणि वाऱ्याने पुढे उडत जाते. आमच्या किनाऱ्यावर पुळणीत गाड्या घालणारे पाहिलेत, म्हणून हे मला फार लागतं.

लुइस आणि हॅरिसला रविवार पाळतात. बहुतेक दुकानं बंद, काही साइटवर त्या दिवशी आलेलं आवडत नाही. शनिवारीच डिझेल, भाजी, पाणी भरून एका जागी थांबा. तोच तुमचा मोकळा दिवस.

धागाकर्ती:

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! स्काय आणि ब्यालाख-ना-बा दोन्ही काढले. रविवार लुइसला, कॅलनिशच्या प्राचीन उभ्या शिळांजवळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय, आज बोटींच्या तारखा बघते. एकच शंका, सासूबाईंना बोट लागते. पावणेपाच तास झेपतील?

एडिनबराहून:

झेपतील. ओबानहून निघाल्यावर पहिला टप्पा मल बेटाच्या आडोशाने जातो, पाणी बहुतेक शांत असतं. जेवण तेव्हाच उरकून घ्या. मल मागे पडलं की उघडा समुद्र लागतो. त्यांना बोटीच्या मधल्या भागात, खिडकीजवळ बसवा, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.