मदत हवी आहे: एम्पायर टोटल वॉरमधला मठ्ठ कॉम्प्युटर

मंडळी, नमस्कार. फोंड्याहून लिहितोय. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळात मराठे घेऊन खेळतो, पण आता मजा येईनाशी झालीय.

कारण कॉम्प्युटर चालवतो त्या शत्रूला अक्कलच नाही. टेकडीवर तोफा लावायच्या, पुढे पायदळाची एक रांग, आणि गप्प बसायचं. समोरचं सैन्य बऱ्याचदा गोळे खात नुसतं उभं राहतं. त्यांचा सेनापती तर स्वतःच घोडा काढून थेट संगिनींवर येतो! तो पडला की बाकीचे पळतात. मुघल असोत की पोर्तुगीज, सगळ्यांना हीच एक युक्ती पुरते. १६८३ साली संभाजीराजे गोव्याच्या दारात येऊन ठेपले, तेव्हा मुघल फौज आली म्हणून पोर्तुगीज वाचले. इथे मात्र गोवा चहा थंड व्हायच्या आत हातात येतो. फोंडेकराला हे कसं पचावं?

अवघड पातळी लावून पाहिली. शत्रू हुशार होत नाही, त्याला फक्त सवलती मिळतात. ही तर फसवणूकच.

आता विचारायचं ते असं. 'दार्थमॉड' हा मॉड (म्हणजे मूळ खेळात बदल करणारी, चाहत्यांनी बनवलेली भर) कोणी वापरलाय का? त्याने लढाईतली चाल खरंच सुधारते, की नुसत्या पलटणी मोठ्या होतात? माझा लॅपटॉप जुना आहे, मोठं सैन्य आलं की धापा टाकतो. आणि मॉड न टाकता, स्वतःवरच बंधनं घालून कोणी खेळतं का? म्हणजे तोफा दोनच, तह मोडायचा नाही, असं काही. तुमचे नियम सांगा. 'तोफाच वापरू नकोस' एवढं सोडून, ते घरच्यांनी सांगून झालंय.