आघातातून सावरणाऱ्या माणसाला ‘कुत्रा पाळा’ असं सांगावं का?

कोयनाकाठ

माझं मत आधीच सांगते: हो, सांगावं. आणि ते शेजारच्या काकूंनी जाता जाता सांगण्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, घरच्यांना समोर बसवून, नीट विचार करून सांगावं.

युद्ध, स्फोट, भूकंप, बलात्कार, घरातली मारहाण यांतून वाचलेल्या माणसाचं शरीर धोका टळल्यानंतरही धोक्यातच राहतं. कुकरची शिट्टी झाली की दचकायचं, रात्री ओरडत उठायचं, गर्दीत पाठ भिंतीला लावल्याशिवाय उभं राहता येत नाही, हळूहळू लग्नकार्याला जाणंही बंद. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा हा मानसिक आजार, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. त्याच देशात ऑगस्ट २०२१ मध्ये एक कायदा झाला. पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांनी स्वतः कुत्र्यांना शिकवायचं आणि ते शिकवणं हाच उपचाराचा भाग, असा पाच वर्षांचा प्रायोगिक कार्यक्रम त्यातून सुरू झाला.

ही कल्पना मला फार पटते. पिल्लाला शिकवायचं तर आवाजात चिडचिड चालत नाही. त्याने चांगलं काही केलं की लगेच, मनापासून, आनंदी आवाजात कौतुक करावं लागतं. ज्या माणसाचा आवाज घरात दोन वर्षं एकाच पट्टीत अडकलाय, त्याला दिवसातून कितीतरी वेळा असं कौतुक करावं लागलं तर काय होईल, विचार करा.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १५६ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना प्रशिक्षित कुत्रा मिळाला होता, काही अजून प्रतीक्षायादीत होते, नेहमीचे उपचार दोघांचेही चालू होते. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांची पीटीएसडीची लक्षणं, चिंता आणि नैराश्य, तिन्ही कमी होती. हे कुत्रे शिकवलेली कामं करतात: दुःस्वप्न पडलं की माणसाला जागं करणं, घाबरल्याची खूण दिसली की नाकाने ढुसणी देणं, अंगावर डोकं टेकून बसणं. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातलं तेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिक आहेत. किल्लारी, माळीण, इर्शाळवाडी इथून वाचलेली माणसं आहेत. त्यांच्यासाठी हा विचार का होऊ नये?

निशिगंध

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझा या सल्ल्याला विरोध आहे. कुत्र्यांना नाही, सल्ल्याला.

अ‍ॅरिझोनाच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्याला कुत्रा मिळालाय त्याला आपण सुधारलोय असं वाटणारच, वाट बघणाऱ्याला तसं वाटणार नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने स्वतः मोठी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिथे १८१ जणांना कुत्रे दिले: काहींना खास प्रशिक्षित, काहींना फक्त सोबत करणारे, आणि १८ महिने लक्ष ठेवलं. दैनंदिन कामं करण्याची क्षमता आणि जगण्याची गुणवत्ता यांत दोन गटांत फरक दिसला नाही. पीटीएसडीच्या लक्षणांत प्रशिक्षित कुत्र्यांचा गट थोडा पुढे होता, थोडाच. आणि त्याआधीचा फ्लोरिडातला टप्पा थांबवावा लागला होता, कारण कुत्रे लहान मुलांना चावल्याच्या घटना घडल्या.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या आजाराला खतपाणी मिळतं ते टाळण्यातून. बाजार टाळा, बस टाळा, ती आठवण टाळा. प्रोलाँग्ड एक्स्पोजर किंवा ईएमडीआरसारख्या उपचारांत आम्ही माणसाला त्या आठवणीकडे हळूहळू, हात धरून परत नेतो. आता पाठीमागे उभा राहून ‘राखण’ करायला शिकवलेला कुत्रा त्याला काय सांगतो? की मागे खरंच कोणीतरी आहे. म्हणजे भीती बरी होण्याऐवजी तिला पहारेकरी मिळाला.

माझ्याकडे लोक फार उशिरा येतात. आधी देवऋषी, मग सहा महिने झोपेच्या गोळ्या, मग आम्ही. या रांगेत आणखी एक थांबा नको.

कोयनाकाठ

डॉक्टर, त्याच चाचणीत प्रशिक्षित कुत्र्यांच्या गटात आत्महत्येचे विचारही कमी झाल्याचं नोंदवलंय, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि तिथे तुलना कुत्रा विरुद्ध कुत्रा अशीच होती. बिनकुत्र्याचा गट नव्हताच. दोन्ही गटांची लक्षणं आधीपेक्षा कमी झाली होती, मग सोबतीचा काहीच उपयोग नाही असं त्यातून कसं निघतं?

टाळण्याबद्दल. माझा दादा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. काश्मीरमध्ये त्याच्या पुढची गाडी सुरुंगात गेली. गावी आल्यावर तो मळ्यातल्या घरी एकटाच राहायला लागला, उपचार अर्धवट सोडले. वहिनीने एक गावठी पिल्लू तिकडे नेऊन सोडलं. कुठलं प्रशिक्षण नाही, काही नाही. पण त्याला रेबीजची लस द्यायची म्हणून दादा पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळ्या-म्हशी घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत उभा राहिला. तोच दादा, जो पेन्शनच्या कामासाठी बँकेत पाऊल टाकत नव्हता. त्या रांगेत ओळखी झाल्या. पुढे मनाच्या डॉक्टरांकडेही तो आपणहून परत गेला. कुत्र्याने त्याला टाळायला मदत केली असं मी कशी म्हणू?

गिरणगावकर

इथे एक बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो. माझ्या मुलीला चौथीत असताना गल्लीतल्या कुत्र्यांनी पाडलं. पोटरीचा लचका तुटला. इंजेक्शनांचे दिवस आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवले होते. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझी बायको कितीतरी रात्री झोपली नाही. मुलगी आजही जिन्यात भुंकणं ऐकलं की जागच्या जागी थिजते. तिला झालाय तोही आघातच ना?

आम्ही चाळीत राहतो. एका मजल्यावर सामायिक गॅलरी. उद्या शेजारच्या घरात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कुत्रा आला तर त्यांचं औषध आमच्या दारात बसणार. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. ठीक आहे, मान्य. पण मग माझ्या मुलीने कुठल्या जिन्याने जायचं?

रेनियरच्या पायथ्याशी

सिअ‍ॅटलहून लिहितोय. गिरणगावकर, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण कुत्र्याशी नातं म्हणजे कुत्रा घरातच हवा, असं इथे सगळे धरून चाललेत. आमच्या किंग काउंटीत वेगळा मार्ग निघाला. २००३ मध्ये इथल्या सरकारी वकील एलेन ओ’नील-स्टीफन्स यांनी आपल्या मुलाचा मदतनीस कुत्रा, जीटर, बालन्यायालयात आणायला सुरुवात केली. पुढे लैंगिक अत्याचार झालेल्या दोन जुळ्या बहिणींना साक्ष देण्याचं बळ त्याच्या सोबतीमुळे आलं. त्यानंतर एली नावाची कुत्री सरकारी वकिलांच्या कार्यालयात पूर्ण वेळ काम करू लागली, आणि मग अमेरिकेत अनेक ठिकाणी न्यायालयांत असे कुत्रे आले.

हा कुत्रा शिकवलेला, तपासलेला, त्याच्यासोबत जबाबदार माणूस. तो मुलाच्या पायाशी शांत पडून राहतो, साक्ष संपली की आपल्या घरी जातो. ज्या मुलाला कुत्र्याची भीती आहे त्याच्याजवळ नेत नाहीत. मुंबईतही अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन अशा प्रकारे प्राण्यांना सोबत घेऊन उपचारांचं काम करतं. पॉक्सो न्यायालयात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालतात तिथे, साक्षीला आलेल्या लेकरासाठी हे करायला काय हरकत आहे?

भटकभवानी

मी रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांचं काम करते. त्यामुळे मी कोयनाकाठच्या बाजूने असेन असं वाटेल, पण नाही.

टाळेबंदीत एकटेपणा घालवायला लोकांनी पिल्लं नेली. कामावर परत जायला लागले तशी ती हायवेवर आली. ज्याला स्वतः अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या हाती एक जीव द्यायचा आणि ‘हा तुला बरा करेल’ म्हणायचं? कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. दोन वर्षांनी बरं वाटलं की त्याचं काय? आणि बरं वाटलंच नाही तर?

घरातला ताण कुत्रा अंगावर घेतो. ओरडणाऱ्या घरातून आलेले कुत्रे मी पाहिलेत: कपाटामागे लपणारे, हात वर गेला की लघवी करणारे. काही चावायला लागतात आणि मग दोष त्यांच्याच माथी. शिवाय अमेरिकेतले ते कुत्रे दीड-दोन वर्षं शिकवून तयार केलेले असतात, त्या कामाला न जमणारे बाजूला काढले जातात. इथे तुम्ही सांगणार ‘कुत्रा पाळा’, आणि लोक कुठल्यातरी दुकानातून हस्की आणणार, नागपूरच्या उन्हात.

पांथस्थ

सहसा मी फक्त वाचते. आज लिहिते.

नवऱ्याच्या घरातून बाहेर पडायला मला खूप वर्षं लागली. त्यातलं शेवटचं वर्ष केवळ कुत्रीमुळे गेलं. ज्या वसतिगृहात जागा मिळत होती तिथे तिला नेता येत नव्हतं, आणि तिला त्या माणसाच्या हाती सोडलं तर माझा राग तो तिच्यावर काढणार हे मला माहीत होतं. शेवटी मावशीने तिला ठेवून घेतलं तेव्हा मी निघाले. म्हणजे कुत्र्याचा जीव लागला की पायही अडकतो. डॉक्टरांनी हे विचारायला हवं.

पण नंतरचंही सांगते. समुपदेशनात पहिले कित्येक महिने मला स्पर्श सहन व्हायचा नाही. आईने डोक्यावरून हात फिरवला तरी अंगावर काटा यायचा. कुत्री मात्र जवळ येऊन बसायची, मी हात लावेपर्यंत थांबायची आणि मी सरकले तर येत नव्हती. स्पर्श कधी, किती, कुठे थांबायचा, हे सगळं माझ्या हातात होतं, आणि माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं. माझ्या समुपदेशक ताईंनी तिथूनच धागा धरला. मला बरं केलं ते ताईंच्या उपचारांनी, याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या खोलीपर्यंत पोचण्याइतकं माझं शरीर माझं वाटायला लागलं, ते कुत्रीमुळे.

निशिगंध

पांथस्थ, हे लिहिल्याबद्दल आभार. स्पर्शावरच्या ताब्याचा मुद्दा मी माझ्या कामात वापरणार आहे.

माझा विरोध ‘कुत्रा पाळा’ या वाक्याला अजूनही आहे, कारण ते चिठ्ठीवर लिहिता येईल इतकं सोपं आहे. पण कोणाच्या घरी आधीच कुत्रा असेल तर मी त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारेन. त्याला फिरवायला कोण नेतं, रात्री तो कुठे झोपतो, बाहेर जाताना तो सोबत नसेल तर चालतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर कुत्र्याशिवाय बाहेर पडणं हाही उपचाराचा भाग करावा लागेल. नवीन कुत्रा मात्र मुख्य उपचार सुरू होऊन माणूस थोडा स्थिरावल्यावरच. तोवर रेनियर म्हणतात तशी, तासा-दोन तासांची सोबत चालेल. आणि इथे कोणी आत्ता त्रासात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

कोयनाकाठ

‘आधी उपचार, मग कुत्रा’ हा क्रम मला मान्य नाही. दादाच्या बाबतीत उलट घडलं आणि त्याच्यासारखे पुष्कळ असतील, जे डॉक्टरांच्या दारापर्यंत येतच नाहीत. त्यांना थांबायला सांगणं म्हणजे कशाची वाट बघायला सांगणं?

भटकभवानी, तुमची भीती मात्र खरी आहे. घरात दुसरं कोणी कुत्र्याची जबाबदारी घ्यायला तयार नसेल तर सल्ला देऊच नये, असं मी आता म्हणेन. आमच्याकडे वहिनी होती.

भटकभवानी

नुसतं ‘तयार आहे’ एवढ्यावर भागत नाही. माणूस दवाखान्यात भरती झाला, चार दिवस घराबाहेर पडला नाही, तर कुत्र्याला कोण नेणार? त्या व्यक्तीचं नाव, फोन आणि लसीकरणाचं कार्ड, हे आधी. आणि आणायचाच तर शांत स्वभावाचा मोठा कुत्रा आणा, पिल्लू नको. मोठ्याचा स्वभाव कळलेला असतो. आमच्याकडे असे कितीतरी आहेत, त्यांना कोणी विचारत नाही. आधी महिनाभर आमच्याकडे येऊन त्याला फिरवा, जमलं तर न्या.

गिरणगावकर

आणि त्या यादीत मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारणंही टाका. जिन्यात पट्टा आणि तोंडाला जाळी, ही माझी अट आहे. एवढं झालं तर मी भांडणार नाही. मुलीला महिनाभर फिरवण्याच्या त्या जागी लांब उभं राहून बघायला आणता येईल का, हे मात्र विचारायचं आहे. तिच्या डॉक्टरांशी बोलून मग कळवतो.