होंडा एटीसी ११० (जुनी तीनचाकी) गोठ्यात पडून आहे, मूळ इंजिनावरच चालू करायचीय, सुरुवात कुठून करू?

खानापूरकर
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. गाव आमचं विट्याच्या पुढं, खानापूर तालुक्यात. चुलते गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात होते, उमेद सगळी केरळात गेली, आणि तिथं ८०च्या दशकात आखातातून परत आलेल्या एका माणसाकडून त्यांनी होंडाची तीनचाकी घेतली. रिक्षा नव्हे, पुढं एक मागं दोन अशी फुगीर टायरं, मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल, मातीत-वाळूत चालवायची एटीसी ११०. ट्रकात घालून गावी आणली आणि बरीच वर्षं माळावरच्या रानात खताची पोती, फवारणीचा पंप, वैरण असलं सगळं तिच्यावरनं वाहिलं. पुढं पार्ट मिळेनात म्हणून गोठ्याच्या कडेला लावली ती लावलीच. आता उंदरांनी सीट खाल्लीय, तिन्ही टायर तडकलेत, टाकी हलवली की आत गंजाचा चुरा वाजतोय आणि इंजिन जाम आहे, चालू करायची दोरी ओढायला गेलं तर तसूभर येत नाही.

गावातला फिटर चांगला माणूस आहे, तो म्हणतो स्प्लेंडरचं इंजिन बसवू, आठवड्यात पळवतो. पण मला ती तिच्याच इंजिनावर चालू करायचीय. चुलते आता थकलेत, त्यांना तिचा तोच आवाज ऐकवायचाय. फ्रेम मजबूत वाटते, खालनं थोडा गंज आहे. रंगाचं कोटेशन घेऊन ठेवलंय, ते आधी करून घेऊ का?

साताऱ्याचा_पाना
भावा पहिलं काम, ती दोरी ओढायची बंद करा. इंजिन जाम असताना ताकद लावली तर आतली कुत्री (दोरीच्या चाकाचा खटका) नाहीतर स्प्रिंग जाते आणि ती मिळवायला मग पळापळ. आणि रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग करायचा आणि नंतर इंजिन उतरवताना त्यावर पाने घासायचे, काय उपयोग.

आता इंजिन. या गाडीचा सिलिंडर आडवा आहे, तोंड पुढच्या चाकाकडं. प्लगातनं तेल ओतलं तर ते सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं आणि पिस्टनच्या वरच्या बाजूची रिंग कोरडीच राहते, म्हणून लोक महिनाभर तेल घालून बसतात आणि काही होत नाही. त्यापेक्षा असं करा, टाकी काढा, इंजिनातलं ऑइल पूर्ण सोडा, आणि गाडी पुढनं उचलून शेपटीवर उभी करा, भिंतीला टेकवून दोरानं बांधा म्हणजे पडायची भीती नाही. आता सिलिंडर उभा झाला. प्लग काढा आणि एटीएफ म्हणजे पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून आत सोडा, पातळी उतरली की परत घाला. ॲसिटोनजवळ बिडी-काडी नको, आणि गोठ्यात कडबा असेल तर हे काम बाहेर अंगणातच.

चारपाच दिवस भिजल्यावर डाव्या बाजूचं कव्हर काढून मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) नटावर पाना लावायचा आणि अगदी हलक्या हातानं पुढंमागं करायचं, एका दिशेला जोर नाही. त्याआधी दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) ढिले करून ठेवा, व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटला असेल तर पिस्टन सुटताना तो वाकायला नको. सुटलं तर उत्तम, नाही सुटलं तर हेड काढायचं, अवघड नाही, पण नट गंजलेले असतात तर आदल्या दिवशी भिजवून ठेवा, स्टड तुटला की काम दसपट वाढतं.

आणि सुटलं म्हणून लगेच चालू करू नका. या इंजिनाला बदलायचा फिल्टर नसतो, उजव्या बाजूला क्लचजवळ गरगर फिरून घाण धरणारी वाटी असते आणि खाली जाळी. जुन्या हिरो होंडा सीडी १००चं इंजिन ज्यानं उघडलंय त्याला हे लगेच कळेल. दोन्ही साफ केल्याशिवाय ऑइल भरायचं नाही, नाहीतर एवढ्या वर्षांचा गाळ थेट वर कॅमकडं जाईल.

मिरज_रोड
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. फिटर चुकीचं सांगत नाही. तुम्हाला रानात काम करायचंय का शोकेसला ठेवायचीय? स्प्लेंडरचं सेकंडहँड इंजिन कुठंही मिळतं, पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावाला, मेकॅनिक गल्लोगल्ली. या होंडाचा एक ऑइल सील परदेशातनं मागवायचा म्हणजे सीलपेक्षा कुरिअर आणि कस्टमचेच पैसे जास्त. गाडी चालत राहिली तर ती जिवंत, असं माझं मत. मूळ इंजिन पोत्यात बांधून ठेवा, फेकू नका एवढंच.

वाळव्याचा_टर्नर
मिरजकर तुमचा मुद्दा समजतो पण या गाडीला तो लागू पडत नाही, सांगतो का ते.

एटीसीला क्लचची लिव्हर नाही. ऑटोमॅटिक क्लच, पायानं नुसते गियर टाकायचे, जुन्या बजाज एम-८० च्या उलट. आणि गियरिंग मुळातच चिखलात, चढावर हळू जायचं असं. स्प्लेंडरचे गियर सडकेवर पळायला काढलेत, ते या गाडीला जोडले की पहिल्या गियरमध्येसुद्धा गाडी पोतं घेऊन चढ काढताना क्लच घासणार, मग स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदला, मग चेन अंगाला लागते म्हणून माउंटिंग सरकवा, आणि फ्रेमला एकदा वेल्डिंग झालं की मूळ इंजिन परत बसणं संपलं. पोत्यात बांधून ठेवलेलं इंजिन पोत्यातच राहतं हे लय ठिकाणी बघितलंय.

आता गंमत बघा, दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, होंडाच्या जुन्या आडव्या इंजिनाची भावंडं. एटीसी ११०चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५ मिमी, म्हणजे १०५ सीसी. स्प्लेंडरचा बोअर ५०, स्ट्रोक तोच ४९.५, म्हणून ९७ सीसी. त्यामुळं एखादी बेअरिंग, एखादा सील साइजवर जुळू शकतो, पण नावावर जाऊ नका, जुना काढा, व्हर्नियरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी घ्या आणि आकड्यावर मागा. सीलवर साइज आणि बेअरिंगवर नंबर छापलेलाच असतो, सांगलीत मार्केटला बेअरिंगवाल्याकडं तो नंबर दिला तर बहुतेक सगळं इथंच मिळतं, परदेशाची गरज नाही.

पिस्टन-रिंगा मात्र बाहेरनं. त्याला सोपा रस्ता आहे. ऑस्ट्रेलियात पोस्टमन वर्षानुवर्षं होंडा सीटी ११० वर टपाल वाटत होते, तिचा बोअर-स्ट्रोक हाच, ५२ बाय ४९.५. त्यामुळं त्या गाडीचे पार्ट अजून भरपूर बनतात. "एटीसी ११०" शोधण्याऐवजी "सीटी ११०" शोधा, सहज मिळेल. पिस्टन पिनचा व्यास तेवढा मोजून घ्या. आधी पिस्टन मागवा, हातात आल्यावर मोजा आणि मगच सिलिंडर बोअरिंगला द्या, पिस्टनच्या मापानं बोअर काढायचा असतो, उलट नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात हे काम करणारे आहेत, आणि किर्लोस्करवाडीच्या परिसरात रिटायर झालेले टर्नर घरी लेथ टाकून बसलेत, मागच्या एक्सलवर बेअरिंगची जागा खाल्ली असेल तर असा माणूस गाठा, त्यांच्या हाताला शंभरावा भाग कळतो.

कराडकरीण
सगळे इंजिनाबद्दल लिहिताय, मी चालवण्याबद्दल लिहिते कारण दादा, तुमच्या घरात पोरं असतील आणि गाडी चालू झाली की पहिली उडी तीच मारणार.

या तीनचाकीला मागं डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एका सरळ एक्सलवर, दोन्ही एकाच वेगानं फिरतात. त्यामुळं नुसतं हँडल वळवलं तर गाडी सरळच जायला बघते, अंग आतल्या बाजूला टाकून बाहेरच्या पायरीवर वजन द्यावं लागतं तेव्हा ती वळते. मोटरसायकलची सवय असलेला माणूस घाबरला की पाय खाली टेकवतो, आणि इथं तेच सगळ्यात वाईट, पाय मागच्या टायरखाली ओढला जातो. पाय कायम पायरीवर, कितीही हळू असली तरी. सस्पेन्शन नाही, फुगीर टायर हेच सस्पेन्शन. पुढच्या चाकाला ब्रेक नाही, सगळा ब्रेक मागच्या एक्सलवर. उताराला हे लक्षात ठेवा.

हे मी भीती घालायला सांगत नाही. अमेरिकेत या गाड्यांवर इतके अपघात झाले, त्यात पोरं खूप, की १९८८ साली सरकारशी कोर्टात झालेल्या समझोत्यात होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, पोलारिस सगळ्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. म्हणजे १९७० साली होंडानंच यूएस ९० काढून हा प्रकार सुरू केला, हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत म्हणून दुकानदारांना बर्फात चालणारं काहीतरी पाहिजे होतं, आणि अठरा वर्षांत तो संपला. तुमच्याकडं जी आहे ती त्या थोड्या काळातली आहे, म्हणून ती वाचवावी असं मलाही मनापासून वाटतं. पण हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत बूट, आणि मागं दुसरं माणूस बसवायचं नाही. सीट लांब आहे ती वजन मागंपुढं करायला, डबलसीटला नाही.

पासिंग होणार नाही, तेव्हा डांबरीवर आणायचीच नाही, स्वतःच्या रानात फिरवा. आणि कुणी म्हणेल चला कासच्या पठारावर नेऊ फोटो काढायला, तर नाही म्हणा. त्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, एकदा चाक फिरलं की तिथली झाडं उखडतात.

खानापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, घरात दोन पोरं आहेत आणि दोघांचा डोळा गाडीवर आहेच, चावी तर हिला नाही, म्हणून प्लग काढून कपाटात ठेवलाय.

गाडी शेपटीवर उभी करून तेल सोडलं होतं. पानेवाले दादा तुम्ही सांगितलं तसंच, काल नटावर पाना लावला आणि एकदम थोडी हलली, आज पूर्ण फेरा मारला. खरखर नाही. सिलिंडरच्या भिंतीवर एका जागी गंजाचा पट्टा दिसतोय टॉर्चनं, तेव्हा हेड काढून बोअर मोजून घेणार. फिटरला इथली सगळी उत्तरं वाचून दाखवली, तोही आता मूळ इंजिनाच्या बाजूनं झालाय, बोअरिंगला माझ्याबरोबर कोल्हापूरला येतो म्हणाला.

आता टाकी आणि टायर. टाकीत नुसते खडे घालून हलवू का? आणि टायर कुठले घेऊ?

साताऱ्याचा_पाना
जबरदस्त! पट्टा खोल असेल तर पुढच्या ओव्हरसाइज (जास्त मापाच्या) पिस्टनला जा, ०.२५ मिमीनं वाढतात.

टाकीत खडे नको, पत्रा आधीच पातळ झालेला असतो. धुण्याचा सोडा पाण्यात घालून टाकी भरा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या, निगेटिव्ह टाकीच्या पत्र्याला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी सळईला, सळई बुचाच्या तोंडातनं आत लोंबती सोडायची, टाकीला कुठं टेकता कामा नये. रात्रभरात टाकीतला गंज सुटतो, सळई मात्र स्वतः गंजत जाते. स्टीलची चकचकीत सळई अजिबात वापरू नका, त्यातनं क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. आणि यातनं हायड्रोजन निघतो, उघड्यावर ठेवा, चार्जर बंद केल्यावरच चिमटे काढा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्या साखर कारखान्यांचं, त्यानं ऊसवाल्याला पैसा मिळतो ते चांगलंच, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि ८०च्या दशकातलं रबर फुगवतं. कार्बोरेटरचे ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी नवीन व्हायटॉनची (इथेनॉल सोसणाऱ्या रबराची) घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर खालच्या स्क्रूनं रिकामा करून ठेवायचा.

वाळव्याचा_टर्नर
टायरची मूळ साइज २२ बाय ११, रिम ८ इंची. पाचगणी-महाबळेश्वरला पर्यटकांना एटीव्हीवर फिरवणारे आहेत, ते टायर कुठनं आणतात ते विचारा, पण त्यांच्या छोट्या गाड्यांना १८-१९ इंची टायर असतात, रिमला बसले तरी गाडी खाली बसेल आणि पोट दगडाला घासेल. २२ च मिळवा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल. हवा २ पीएसआयच्या आसपास, पंक्चरवाल्याच्या मीटरवर एवढी कमी हवा दिसतच नाही, कमी प्रेशरचा वेगळा गेज घ्या. त्याला सांगून ठेवा, सवयीनं २५-३० भरली तर टायर चेंडूगत उड्या मारायला लागेल आणि रिमवरनं फाटूही शकतो.

ब्रेकचा ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. त्या काळातल्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

साताऱ्याचा_पाना
आणि टाकी धुतल्यावर उन्हात वाळवत बसू नका, उघडा पत्रा तासाभरात परत लाल होतो. पाणी ओतलं की लगेच ड्रायरनं गरम हवा मारा आणि टू-स्ट्रोक ऑइल थोडं पेट्रोलमध्ये मिसळून आतनं सगळीकडं फिरवा. हेड काढलं की बोअरचा फोटो टाका, पट्टा बघून सांगतो होनिंगवर (नुसतं आतनं घासण्यावर) भागतंय का बोअरच करावा लागेल.