मदत हवी आहे: अनंत, गंधराज की डबल तगर? पाटीवर काय लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या करायचं काम माझ्याकडे आलंय. बाकीच्या रंगवून झाल्या, एका झुडपापाशी अडले आहे.

झुडूप माझ्या छातीइतकं उंच. पानं गडद, तुकतुकीत, शिरा ठसठशीत. कळी पिळून ठेवलेल्या कपड्यासारखी, फिकट हिरवी. उमलली की पांढरंशुभ्र, भरगच्च फूल, आणि दोन-तीन दिवसांत तेच लोण्यासारखं पिवळट होतं. वास तर पार जिन्यापर्यंत येतो.

आई मालवणकडची. बघताक्षणी म्हणाली, "अगो, हा अनंत!" तिच्या माहेरी विहिरीजवळ होता, बायका अंबाड्यात एकच फूल खोवायच्या. शेजारच्या बंगाली काकू गंधराज म्हणतात. माळीकाका ठामपणे सांगतात, डबल तगर. रोपाच्या जुन्या चिठ्ठीवर गार्डेनिया.

ही सगळी एकाच झाडाची नावं का? आणि गार्डेनिया म्हणजे 'बागेतलं' असंच ना? पाटीवर जे लिहीन तेच इथली मुलं शिकणार, म्हणून विचारतेय. रविवारी पाट्या लावायच्या आहेत.

प्रतिसाद

ताई, एक पान खुडा आणि देठ बघा. पांढरा चीक आला तर तगर. ती कण्हेरीच्या कुळातली. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला असा चीक नसतो. फूल लोण्याच्या रंगाचं होतं म्हणताय, ती अनंताचीच खूण. डबल तगरीचं फूलही भरगच्च पांढरं असतं, त्यामुळे गल्लत होते. (काष्ठौषधींच्या दुकानात मात्र तगर म्हणून सुगंधी मुळं मिळतात, ती वनस्पती तिसरीच.)

अनंत, गंधराज, गार्डेनिया एकच. गंधराज म्हणजे सुगंधांचा राजा. बंगालीत त्याच नावाचं एक लिंबूही आहे, तेही वासासाठीच. गार्डेनियाचा मात्र बागेशी संबंध नाही. अलेक्झांडर गार्डन नावाचे स्कॉटिश डॉक्टर अमेरिकेत चार्ल्सटनला असत, त्यांना झाडांचा मोठा नाद. त्यांच्या नावावरून ते पडलं. १७६१ साली जॉन एलिस यांनी आपल्या झाडाला गार्डेनिया जास्मिनॉइडिस हे नाव दिलं, म्हणजे जाईजुईसारखं. इंग्रजीत केप जास्मिनही म्हणतात, कारण ते आफ्रिकेच्या टोकाकडचं असा समज होता. मूळ आहे चीनकडचं.

मला सगळ्यात आवडतं जपानी नाव: कुचिनाशी, 'तोंड नसलेलं'. एकेरी फुलाच्या झाडाला केशरी फळं धरतात, ती पिकली तरी उकलत नाहीत, म्हणून. त्या फळांपासून पिवळा रंग काढतात. मुलांना हे जरूर सांगा.

धागाकर्ती

खूप खूप आभार! आज सकाळी माळीकाकांसमोरच पान खुडलं. देठ कोरडा, चिकाचा थेंब नाही. त्यांनी स्वतः दुसरं पान खुडून पाहिलं आणि मान हलवली. मग मला मागच्या गेटजवळ नेऊन खरी तगर दाखवली. तिथे बोटाला लगेच चिकटलं. आता तिचीही पाटी करते.

वर मोठ्या अक्षरात 'अनंत', खाली गंधराज, त्याखाली शास्त्रीय नाव असं ठरवलंय. एका ओळीची जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या गावाकडे याला आणखी काही म्हणत असतील, तर शनिवारपर्यंत इथे लिहा.